जोव्हान्नी स्कियापारेल्ली

जोव्हान्नी व्हर्जिनिओ स्कियापारेल्ली (जन्म : १४ मार्च १८३५, साव्हिल्यानो, मृत्यू : ४ जुलै १९१०, मिलान) हे इटालियन खगोलशास्त्रज्ञ आणि खगोलशास्त्राचे इतिहासकार होते. उल्कावर्षाव आणि धूमकेतू यांचा परस्परसंबंध त्यांनी सिद्ध केला. मंगळाचा मोजमापांवर आधारलेला तपशीलवार नकाशा तयार करून त्यावरील प्रदेशांना त्यांनी जी नावे दिली, त्यांपैकी बरीचशी आजही प्रचारात आहेत. मंगळावर त्यांना दिसलेल्या रेषांवरून पुढे 'मंगळावरील कालवे' हा जगभर गाजलेला वाद निर्माण झाला. अंतराळयानांनी मंगळाजवळून पाठविलेल्या छायाचित्रांनी १९६५ नंतर तो वाद कायमचा मिटविला. त्यांचेच नाव दिलेले एक यान २०१६ मध्ये मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण रेडिओ संदेश पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने (जीएमआरटी) थेट टिपला होता.

जन्म व शिक्षण

स्कियापारेल्लींचा जन्म वायव्य इटलीतील प्येमाँत प्रांतातील साव्हिल्यानो या गावी झाला. त्या काळी हा प्रदेश सार्डिनियाच्या राज्यात मोडत असे. आकाशाची ओढ त्यांना बालपणीच लागली. गावातील एका विद्वान धर्मगुरूने त्यांना चर्चच्या मनोऱ्यावरून दुर्बिणीतून ग्रहांचे दर्शन घडविले. ८ जुलै १८४२ रोजी उत्तर इटलीतून दिसलेले खग्रास सूर्यग्रहण त्यांनी वयाच्या सातव्या वर्षी पाहिले आणि त्याचा ठसा त्यांच्या मनावर कायम राहिला.

१८५४ मध्ये त्यांनी तुरिन विद्यापीठातून अभियांत्रिकी व वास्तुशास्त्राची पदवी घेतली. त्यानंतर काही काळ त्यांनी गणित शिकविले. मात्र खगोलशास्त्रालाच वाहून घेण्याचा त्यांचा निश्चय होता. सरकारी साहाय्य मिळाल्यावर ते बर्लिन वेधशाळेत योहान एंके यांच्या हाताखाली आणि नंतर रशियातील पुल्कोव्हो वेधशाळेत ओटो स्ट्रूव्ह यांच्याकडे शिकले. काटेकोर मोजमाप आणि धीराने केलेले निरीक्षण ही या दोन्ही वेधशाळांची ख्याती होती. अभियंत्याच्या रेखनकौशल्याला या शिस्तीची जोड मिळाली आणि त्यांच्या पुढील सर्व कार्याचा पाया घातला गेला.

ब्रेरा वेधशाळेतील कार्य

१८६० मध्ये स्कियापारेल्ली मिलानच्या ब्रेरा वेधशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८६१ मध्ये, त्यांनी हेस्पेरिया हा लघुग्रह शोधला. ज्ञात लघुग्रहांच्या क्रमवारीत तो ६९ वा आहे. १८६२ मध्ये वेधशाळेचे संचालक फ्रान्चेस्को कार्लिनी यांचे निधन झाले आणि अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी संचालकपदाची धुरा स्कियापारेल्लींकडे आली. १९०० साली निवृत्त होईपर्यंत ते त्या पदावर होते.

त्या वेळी ब्रेरा येथील उपकरणे जुनी झाली होती. १८७४-७५ च्या सुमारास जर्मनीतील मर्झ कारखान्याची सुमारे २२ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाची दुर्बीण तेथे बसविण्यात आली. जोडताऱ्यांतील अंतरे व कोन मोजण्यासाठी ती मुख्यतः घेतली होती आणि स्कियापारेल्लींनी हे काम अनेक वर्षे निष्ठेने केले. मंगळाच्या निरीक्षणांमुळे त्यांची कीर्ती वाढली, तेव्हा इटलीच्या संसदेने मोठ्या दुर्बिणीसाठी निधी मंजूर केला. ४९ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाची ही दुर्बीण १८८६ पासून वापरात आली.

उल्का आणि धूमकेतू

स्कियापारेल्लींचे सर्वांत निर्विवाद संशोधन उल्कांविषयीचे आहे. दरवर्षी ठराविक तिथीस ठराविक तारकासमूहातून उल्का पडताना दिसतात, हे पूर्वीपासून ठाऊक होते. त्यांचे कारण मात्र अज्ञात होते. ऑगस्ट महिन्यात ययाति तारकासमूहातून दिसणाऱ्या उल्कांच्या कणांची कक्षा स्कियापारेल्लींनी गणिताने काढली. १८६२ साली दिसलेल्या स्विफ्ट-टटल धूमकेतूच्या कक्षेशी ती जुळत असल्याचे त्यांनी १८६६ मध्ये दाखवून दिले. नोव्हेंबरमधील सिंह तारकासमूहातील उल्कांचे टेम्पल-टटल धूमकेतूशी असलेले नातेही लवकरच स्पष्ट झाले. या निष्कर्षाप्रत त्यांच्यासह अन्य संशोधकही स्वतंत्रपणे पोहोचले होते. धूमकेतूने मागे टाकलेल्या धुळीच्या प्रवाहातून पृथ्वी जाते तेव्हा उल्कावर्षाव होतो, ही आज शालेय पुस्तकांत आढळणारी माहिती या संशोधनाचे फलित होय. या कार्यासाठी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८७२ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले.

मंगळाचे नकाशे

सूर्य आणि मंगळ यांच्या मधोमध पृथ्वी येते त्या स्थितीस मंगळाची प्रतियुती म्हणतात. ती सुमारे २६ महिन्यांनी येते. परंतु मंगळाची कक्षा बरीच लंबवर्तुळाकार असल्याने काही प्रतियुतींच्या वेळी तो नेहमीपेक्षा पुष्कळ जवळ असतो. १८७७ ची प्रतियुती अशीच अनुकूल होती. त्याच वर्षी अमेरिकेतील असाफ हॉल यांनी मंगळाचे फोबॉस व डिमॉस हे दोन उपग्रह शोधले.

स्कियापारेल्लींपूर्वी मंगळाचे नकाशे बहुधा नजरेच्या अंदाजाने काढले जात. त्यांनी मात्र भूमापनाची पद्धत अवलंबिली. दुर्बिणीला जोडलेल्या सूक्ष्ममापकाने त्यांनी मंगळावरील ६२ ठळक बिंदूंचे अक्षांश व रेखांश ठरविले आणि त्या चौकटीत उरलेला तपशील भरला. पूर्वीच्या नकाशांत प्रदेशांना खगोलशास्त्रज्ञांची नावे दिलेली असत. त्याऐवजी त्यांनी ग्रीक-रोमन पुराणे, बायबल आणि प्राचीन भूगोल यांतून नावे निवडली. सिर्टिस मेजर, हेलास, एलिसियम, थार्सिस, क्रायसी ही त्यांपैकी काही होत.

निरीक्षणाच्या काळात ते डोळा व मन स्थिर राहावे म्हणून मद्य, मादक पदार्थ आणि कॉफीचे अतिसेवन कटाक्षाने टाळीत. मंगळाचे बिंब दुर्बिणीतूनही लहान दिसते आणि पृथ्वीच्या वातावरणातील हालचालींमुळे ते सतत थरथरते. क्षणभर हवा स्थिरावली की तपशील डोळ्यांपुढे येतो आणि लगेच विरतो. निरीक्षकाने तो स्मरणात ठेवून कागदावर उतरवावयाचा असतो. छायाचित्रणाची कला तेव्हा या कामी उपयोगी पडण्याइतकी प्रगत नव्हती. ग्रह, डोळा, स्मृती आणि हात या मालिकेतील प्रत्येक कडीवर चूक होण्याची शक्यता होती.

कॅनाली आणि कालवे

१८७७ च्या नकाशात मंगळाचे गडद प्रदेश एकमेकांना जोडणाऱ्या बारीक रेषा होत्या. स्कियापारेल्लींनी त्यांना इटालियन भाषेत 'कॅनाली' म्हटले. या शब्दाचा अर्थ नैसर्गिक प्रवाहमार्ग वा खोबण असाही होतो आणि मानवनिर्मित कालवा असाही होतो. इंग्रजीत मात्र तो कालवा या एकाच अर्थाने गेला. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता आणि प्रचंड कालवे हे त्या युगाच्या कर्तबगारीचे प्रतीक मानले जात होते. त्यामुळे मंगळावर कालवे आहेत म्हणजे ते खोदणारे कोणी तरी आहे, असा तर्क सहज पसरला. मराठीतही हाच शब्द रूढ झाला. डिंभे व येडगाव धरणांच्या कालव्यांवर शेती पिकविणाऱ्या आंबेगाव-जुन्नरच्या शेतकऱ्याला ओढा आणि कालवा यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही; ओढा निसर्गाचा असतो आणि कालव्यामागे माणसाची योजना असते. मंगळासंबंधीच्या भाषांतरात हाच भेद पुसला गेला.

१८८१-८२ च्या प्रतियुतीच्या वेळी स्कियापारेल्लींना अनेक रेषा दुहेरी, म्हणजे समांतर जोड्यांच्या रूपात दिसल्या. यामुळे कुतूहल आणि शंका दोन्ही वाढले. या रेषा ग्रहाच्या पृष्ठभागावर खरोखर आहेत असे ते मानीत; त्या कोणी खोदल्या काय, याबाबत मात्र ते सावध होते. १८९५ मधील एका लेखात त्यांनी मंगळावरील सामूहिक पाणीवाटपाचे कल्पनाचित्र रंगविले. परंतु ते कल्पनाचित्र आहे याचे भान त्यांनी सोडले नाही. ती सावधगिरी अमेरिकेतील धनाढ्य निरीक्षक पर्सिव्हल लॉवेल यांनी पाळली नाही. ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे १८९४ मध्ये वेधशाळा उभारून त्यांनी शेकडो कालव्यांचे नकाशे काढले. सुकत चाललेल्या ग्रहावरील प्रगत जीवांनी ध्रुवीय बर्फाचे पाणी आणण्यासाठी ते खोदले, असे त्यांनी अनेक पुस्तकांतून मांडले.

वाद आणि शंका

सर्वच निरीक्षकांना हे कालवे दिसत नव्हते. १९०३ मध्ये इंग्लंडमधील एडवर्ड माँडर यांनी ग्रिनिच येथील एका शाळेतील सुमारे २०० मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना निरनिराळ्या अंतरांवर बसवून मंगळाचे चित्र नकलून काढावयास सांगितले गेले. मूळ चित्रात सलग रेषा नव्हत्या. तुटक ठिपके व छटा होत्या. तरीही मधल्या अंतरावर बसलेल्या अनेक मुलांनी आपल्या चित्रांत सरळ रेषा काढल्या. नीट न दिसणारे ठिपके जोडून त्यांची रेषा करणे हा डोळ्याचा व मेंदूचा स्वभाव आहे, हे यातून दिसून आले. मुलांनी लबाडी केली नव्हती. त्यांना जे दिसले तेच त्यांनी काढले होते. स्कियापारेल्लींच्या बाबतीतही असेच म्हणता येते.

१९०९ मध्ये यूजीन अँटोनियाडी यांनी पॅरिसजवळील म्यूदाँ येथील ८३ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून मंगळ पाहिला. हवा अतिशय स्थिर असताना रेषांच्या जागी त्यांना अनियमित डाग दिसले. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांचा कल यानंतर कालव्यांच्या विरुद्ध झाला. तरी निर्णायक पुरावा हाती आला नव्हता.

बुध व शुक्र

१८८९ मध्ये स्कियापारेल्लींनी बुधाचा नकाशा प्रसिद्ध केला. चंद्र जशी पृथ्वीकडे तशी बुध सूर्याकडे सदैव एकच बाजू ठेवतो आणि त्याचे परिवलन ८८ दिवसांचे असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. शुक्राबद्दलही त्यांनी असेच अनुमान केले. बुधाविषयीचे मत सुमारे ७५ वर्षे मान्य होते. १९६५ मध्ये रडारने केलेल्या मोजमापांवरून बुधाचे परिवलन सुमारे ५९ दिवसांचे, म्हणजे परिभ्रमणकाळाच्या दोन तृतीयांश असल्याचे आढळले. निरीक्षणास अनुकूल स्थितीत बुध येतो तेव्हा पुष्कळदा त्याची तीच बाजू दिसत असल्यामुळे ही चूक झाली होती. शुक्र तर २४३ दिवसांत आणि उलट दिशेने स्वतःभोवती फिरतो.

उत्तरायुष्य

दृष्टी मंदावू लागल्याने १८९० नंतर स्कियापारेल्लींनी मंगळाचे वेध घेणे थांबविले. १८८९ मध्ये ते इटलीच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य झाले होते. १९०० मध्ये त्यांनी वेधशाळेची सूत्रे जोव्हान्नी चेलोरिया यांच्याकडे सोपविली आणि उरलेले आयुष्य प्राचीन खगोलशास्त्राच्या अभ्यासात व्यतीत केले. ग्रीक गणिती युडॉक्सस याच्या समकेंद्री गोलांच्या कल्पनेची उकल त्यांनी पूर्वीच, १८७५ मध्ये, केली होती. बायबलच्या जुन्या करारातील खगोलशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. ४ जुलै १९१० रोजी मिलान येथे त्यांचे निधन झाले. प्राच्यविद्यापंडित चेलेस्तिनो हे त्यांचे बंधू, तर वेशरचनाकार एल्सा स्कियापारेल्ली या त्यांच्या पुतणी होत.

यानांनी पाठविलेली छायाचित्रे

स्कियापारेल्लींच्या निधनानंतर ५५ वर्षांनी कालव्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. २८ नोव्हेंबर १९६४ रोजी अमेरिकेने सोडलेले मॅरिनर ४ हे यान १४-१५ जुलै १९६५ च्या दरम्यान मंगळापासून १०,००० किलोमीटरपेक्षा कमी अंतरावरून गेले. त्यावरील दूरचित्रवाणी कॅमेऱ्याने २१ पूर्ण चित्रे आणि २२ व्या चित्राचा काही भाग टिपला.

चित्र पृथ्वीपर्यंत पोहोचविण्याची रीत अशी होती. प्रत्येक चित्राच्या २०० ओळी आणि दर ओळीत २०० बिंदू पाडण्यात आले. प्रत्येक बिंदूच्या उजळपणास ० ते ६३ यांपैकी एक अंक दिला गेला. असा एक अंक लिहिण्यास सहा बिट लागत. त्यामुळे एका चित्राचे २,४०,००० बिट झाले. ते आधी यानातील चुंबकीय फितीवर साठविले गेले आणि मग सेकंदाला सुमारे सव्वाआठ बिट या संथ गतीने पाठविले गेले. एक चित्र येण्यास सुमारे आठ तास लागत. प्रयोगशाळेतील अभियंत्यांना इतका धीर नव्हता. आलेल्या अंकांच्या कागदी पट्ट्या भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवून त्यांनी त्या अंकांनुसार रंगीत खडूंनी रंगविल्या. यानातून आलेले मंगळाचे पहिले चित्र अशा रीतीने हाताने रंगविले गेले. पण प्रत्येक ठिपक्याचा रंग अंकाने ठरविलेला होता. तेथे स्मृतीला वा अपेक्षेला वाव नव्हता.

या चित्रांत विवरे होती; कालवे नव्हते. ती मंगळाच्या अवघ्या एक टक्का पृष्ठभागाची होती. नोव्हेंबर १९७१ मध्ये मंगळाभोवती फिरू लागलेल्या मॅरिनर ९ या यानाने धुळीचे प्रचंड वादळ शमल्यावर जवळजवळ सर्व ग्रहाचे चित्रण केले आणि ७,००० हून अधिक छायाचित्रे पाठविली. स्कियापारेल्लींच्या बहुसंख्य रेषांच्या जागी पृष्ठभागावर काहीही आढळले नाही. त्यांनी निक्स ऑलिंपिका, म्हणजे ऑलिंपसचे हिम, असे नाव दिलेला पांढुरका ठिपका मात्र सूर्यमालेतील एका सर्वोच्च ज्वालामुखीचे स्थान निघाला. आज तो ऑलिंपस मॉन्स या नावाने ओळखला जातो. रेषा खोट्या ठरल्या, पण नावे टिकली. २० जुलै १९७६ रोजी व्हायकिंग १ हे यान उतरले ते क्रायसी मैदानावरच.

स्कियापारेल्ली यान आणि खोडद

युरोपीय अंतराळ संस्था आणि रशियाची रॉसकॉसमॉस यांच्या एक्सोमार्स मोहिमेचे उड्डाण १४ मार्च २०१६ रोजी, म्हणजे स्कियापारेल्लींच्या जन्मदिनी झाले. मंगळाभोवती फिरणारे यान आणि मंगळावर उतरण्याचे तंत्र आजमावणारे ५७७ किलोग्रॅमचे अवतरण यान असे तिचे दोन भाग होते. अवतरण यानास स्कियापारेल्ली हे नाव देण्यात आले. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी ते मंगळाच्या वातावरणात शिरले. उतरताना खालच्या भूभागाची १५ छायाचित्रे घेणारा एक कॅमेरा त्यात होता. ती यानाच्या स्मृतीत साठवून उतरल्यानंतर पाठवावयाची होती.

या उताराकडे पृथ्वीवरून थेट कान लावण्याचे काम खोडदच्या दुर्बिणीकडे होते. नारायणगावच्या पूर्वेस असलेली ही दुर्बीण पुणे येथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र चालविते. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ खोडदजवळ एकत्र आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना पसरल्या आहेत; सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. यानाचा संदेश सुमारे ४०१ मेगाहर्ट्झ कंप्रतेचा होता. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांना ऐकू जावा एवढ्यापुरताच तो होता, सुमारे १७.५ कोटी किलोमीटरवरील पृथ्वीसाठी तो योजलेला नव्हता. मात्र ही कंप्रता खोडदच्या दुर्बिणीच्या कक्षेत येते आणि एवढ्या तबकड्यांचे एकत्रित क्षेत्रफळ फार मोठे असल्याने हा क्षीण संदेश ओळखता आला. अमेरिकेच्या नासा संस्थेची ग्राहक यंत्रणा त्यासाठी येथे जोडण्यात आली होती.

संदेशातून चित्र वा अन्य मजकूर वाचता येत नव्हता. कळत होते ते त्याचे अस्तित्व आणि कंप्रतेतील बदल. जवळ येणाऱ्या रेल्वेच्या शिट्टीचा स्वर जसा बदलतो, तसा यानाच्या वेगानुसार संदेशाचा स्वर बदलतो. त्यावरून यान वातावरणात शिरून मंदावले आणि हवाई छत्री उघडली, हे त्या रात्री कळले. प्रत्येक बातमी पावणेदहा मिनिटे जुनी होती, कारण रेडिओलहरींना तेवढा प्रवास करावा लागत होता. यान उतरण्याच्या अपेक्षित क्षणाच्या थोडे आधी स्वर थांबला आणि पुन्हा आला नाही.

उतार चालू असताना परिभ्रमक यानानेही संदेश नोंदविला होता आणि त्यात यानातील उपकरणांची तपशीलवार माहिती होती. तिच्यावरून पुढे कारण उलगडले. छत्री उघडताच बसलेल्या हिसक्यांमुळे परिवलन मोजणारे उपकरण सुमारे एक सेकंद आपल्या कमाल मर्यादेवर अडकले. त्या चुकीच्या आकड्यांवरून संगणकाने काढलेली उंची ऋण आली; म्हणजे यान जमिनीखाली आहे असा त्याचा समज झाला. त्याने छत्री सोडून दिली आणि वेगरोधक इंजिने अवघ्या तीन सेकंदांत बंद केली. यान तेव्हा प्रत्यक्षात सुमारे ३.७ किलोमीटर उंचीवर होते. ते कोसळले आणि कॅमेऱ्याची छायाचित्रे त्याच्यासह नष्ट झाली. दुसऱ्याच दिवशी नासाच्या मंगळ परिभ्रमकाने घेतलेल्या छायाचित्रात आघाताचा काळा डाग दिसला.

मूल्यमापन

कालव्यांच्या चुकीमुळे स्कियापारेल्लींची स्मृती पुष्कळदा उपहासाने घेतली जाते. ते न्याय्य नाही. आपल्या काळातील अत्यंत काटेकोर निरीक्षकांपैकी ते एक होते आणि त्यांच्या नकाशातील मोठ्या प्रदेशांची ठेवण पुढील छायाचित्रांशी जुळली. त्यांची चूक डोळ्याच्या मर्यादेपाशी घडली. त्यांच्या नावाच्या यानाचीही चूक अशाच मर्यादेपाशी घडली: मापकाने क्षणभर खोटे सांगितले आणि त्यावर विश्वास ठेवला गेला. दोन्ही वेळी सत्य कळले ते दुसऱ्या साधनाने स्वतंत्रपणे घेतलेल्या नोंदींमुळे. निरीक्षकाच्या प्रामाणिकपणाइतकीच पडताळणीही आवश्यक असते, हा या जीवनकार्याचा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी बोध आहे.

सन्मान व स्मृती

१९०२ मध्ये स्कियापारेल्लींना ब्रूस पदक मिळाले. मंगळावरील सुमारे ४६० किलोमीटर व्यासाचे एक विवर, चंद्रावरील एक विवर आणि ४०६२ क्रमांकाचा लघुग्रह यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने १९५८ मध्ये मंगळावरील प्रदेशांची नावे निश्चित केली, तेव्हा त्यांची नामपद्धतीच आधारभूत मानली. एक्सोमार्सचे परिभ्रमक यान मंगळाभोवती फिरत राहून छायाचित्रे पाठवू लागले आणि मंगळाच्या पृष्ठभागावरील इतर यानांची माहितीही पृथ्वीकडे पोहोचवू लागले. खोडद येथे दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त दुर्बीण पाहण्यासाठी खुली ठेवली जाते आणि परिसरातील शाळांचे विद्यार्थी तेथील विज्ञान प्रदर्शनात भाग घेतात.